सॅन फ्रान्सिस्कोचा सुतार महापौर

पॅट्रिक हेन्री मॅकार्थी आयर्लंडमधल्या लिमरिकचा. तिथे सुतारकाम शिकून तो १८८० साली अमेरिकेत आला आणि १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. आधी सुतारांच्या युनियनचा आणि १८९८ पासून बिल्डिंग ट्रेड्स कौन्सिलचा तो अध्यक्ष झाला. सुतार, गवंडी, रंगारी, प्लंबर अशा सगळ्यांच्या युनियन या कौन्सिलमध्ये होत्या. तिचं कार्ड खिशात नसेल, तर शहरातल्या बांधकामावर काम मिळणं कठीण.

१९०० साली लाकूड रंधून दारं-खिडक्या बनवणाऱ्या गिरण्यांत कौन्सिलने आठ तासांचा दिवस मागितला. मालकांनी टाळेबंदी केली. मॅकार्थीच्या माणसांनी काय करावं? त्यांनी स्वतःचीच गिरणी काढली! शिवाय जास्त तास राबवून घेणाऱ्या गिरण्यांचा माल बसवायला सुतारांनी नकार दिला. १९०१ मध्ये मालक नमले. पुढे हाच सुतार १९१० ते १९१२ शहराचा महापौर होता.

इथवरची गोष्ट कुणालाही आवडेल. पण १९०५ च्या मे महिन्यात याच शहरात जपानी-कोरियनांना रोखण्यासाठी एक लीग स्थापन झाली, आणि पहिल्या सभेला मॅकार्थी हजर होता. त्याच्या कौन्सिलचा सचिव ट्वाइटमो हा लीगचा अध्यक्ष. तोही स्थलांतरितच, नॉर्वेचा. १९०७ मध्ये लीगने नाव बदलून 'एशियाटिक' केलं. आता त्यात हिंदी माणसंही आली. त्याच सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या पंजाबी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं.

आशियाई मजूर स्वस्तात राबतो, मजुरी पाडतो, असं या नेत्यांचं म्हणणं. मालक तसा वापर करत, हे खोटं नव्हतं. पण १९०३ मध्ये ऑक्सनार्डच्या बीटच्या शेतांत जपानी आणि मेक्सिकन मजुरांनी एकत्र संप करून तो जिंकला होता. जपान्यांना वगळलं तरच मान्यता देऊ, असं अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने त्यांना कळवलं. मेक्सिकनांनी ती अट धुडकावली. म्हणजे दुसरी वाट होती, आणि ती डोळ्यांसमोर होती.

मॅकार्थीने महापौरपद सोडल्यावर दोन वर्षांच्या आत, १ नोव्हेंबर १९१३ ला, त्याच सॅन फ्रान्सिस्कोत 'गदर'चा पहिला अंक निघाला. त्या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे होते. आणि बहुसंख्य होते ते गिरण्यांत, शेतांत अपमान सोसलेले पंजाबी.

आठ तासांचा दिवस मॅकार्थीने लढून मिळवला, ते श्रेय त्याचंच. पण आपल्या मंडळांतल्या गप्पांत 'आम्ही रीतसर आलो, आता येणाऱ्यांना आवरा' असा सूर निघतो, तेव्हा मला हा सुतार आठवतो. त्याच्या लेखी ज्यांना आवरायचं होतं, ते आपणच होतो.