तांबड्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडनिर्मिती

दात्याच्या तांबड्या रक्तपेशींवरील परक्या प्रतिजनांविरुद्ध रुग्णाच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होण्याच्या प्रक्रियेस तांबड्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडनिर्मिती किंवा ॲलोइम्युनायझेशन असे म्हणतात. एबीओ आणि आरएच-डी हे रक्तगट जुळवून रक्त दिले तरीही ती होऊ शकते. तांबड्या पेशींवर तीनशेहून अधिक प्रतिजन आढळतात आणि ते सर्व जुळवणे व्यवहारात शक्य नसते.

== स्वरूप ==
एबीओ गटाची प्रतिपिंडे बालपणापासूनच रक्तात असतात. आरएच, केल, डफी, किड इत्यादी गटांची प्रतिपिंडे मात्र बहुधा रक्तसंक्रमण किंवा गर्भधारणा यांतून परक्या पेशींशी संपर्क आल्यावरच तयार होतात. रक्त मिळालेल्या बहुसंख्य रुग्णांत ती कधीच तयार होत नाहीत.

== जोखीम घटक ==
* '''रक्तसंक्रमणांची संख्या:''' जितक्या अधिक दात्यांचे रक्त मिळते, तितकी परक्या प्रतिजनांशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमियाच्या रुग्णांना आयुष्यभर नियमित रक्त घ्यावे लागते.
* '''दाता व रुग्ण यांतील तफावत:''' अमेरिका व ब्रिटनमध्ये सिकलसेलचे बहुतेक रुग्ण आफ्रिकी वंशाचे, तर बहुतेक दाते युरोपीय वंशाचे असतात. दोन्ही समूहांतील प्रतिजनांचे प्रमाण भिन्न असल्याने तेथे या रुग्णांमध्ये प्रतिपिंडे अधिक आढळतात.
* '''दाह:''' रक्त देतेवेळी शरीरात तीव्र दाह असल्यास प्रतिकारयंत्रणा अधिक सक्रिय असते.
* '''पूर्वीची प्रतिपिंडे:''' एक प्रतिपिंड तयार झालेल्या रुग्णात दुसरे तयार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. या प्रवृत्तीत आनुवंशिक घटकांचाही वाटा असतो.
* '''गर्भधारणा:''' गर्भाच्या पेशी मातेच्या रक्तात मिसळल्यानेही प्रतिपिंडे तयार होतात.

याउलट, प्रतिकारशक्ती दडपणारे उपचार घेणाऱ्या रुग्णांत हे प्रमाण कमी असते. थॅलेसेमियात अगदी लहान वयात रक्तसंक्रमण सुरू झाल्यास जोखीम घटते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

== निदान आणि परिणाम ==
रॉबिन कूम्ब्स, आर्थर मॉरंट आणि रॉबर्ट रेस यांनी १९४५ मध्ये वर्णन केलेल्या अँटिग्लोब्युलिन चाचणीमुळे (कूम्ब्स चाचणी) ही प्रतिपिंडे ओळखणे शक्य झाले. मात्र काही महिन्यांत किंवा वर्षांत त्यांची पातळी इतकी घटू शकते की चाचणीत ती दिसत नाहीत. प्रतिकारयंत्रणेची स्मृती मात्र टिकून राहते. तोच प्रतिजन असलेले रक्त पुन्हा दिल्यास प्रतिपिंडे वेगाने वाढतात आणि काही दिवसांनी दात्याच्या पेशी नष्ट होऊ लागतात. ताप, कावीळ, गडद लघवी आणि हिमोग्लोबिन घटणे ही या विलंबित प्रतिक्रियेची लक्षणे होत. सिकलसेलच्या रुग्णांत ती जीवघेणी ठरू शकते.

== प्रतिबंध ==
सिकलसेल व थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी आरएच गटातील इतर प्रतिजन व केल प्रतिजनही जुळवण्याची पद्धत अनेक देशांत आहे. पूर्वी आढळलेल्या प्रतिपिंडाची नोंद कायम जपणे तितकेच महत्त्वाचे असते. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेल्यास आणि ही नोंद तेथे न पोहोचल्यास, नव्या चाचणीत काहीही न आढळता अयोग्य रक्त दिले जाऊ शकते. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार भागात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने असल्याने अशा नोंदींना तेथे विशेष महत्त्व आहे. प्रतिपिंडाची माहिती देणारे कार्ड रुग्णाजवळ असणे हा त्यावरील एक साधा उपाय आहे.