गमक येतं का? तंजावरच्या वाद्यखरेदीची गोष्ट

ऑक्टोबर १७९९च्या तहानंतर तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले नावापुरतेच राजे उरले. मुलूख कंपनी सरकारकडे गेला, राजांकडे राहिला तो किल्ला आणि भोवतालचा थोडासा परिसर. बदल्यात दरसाल एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. फौज पोसायची नाही, मोहिमा काढायच्या नाहीत. खर्चाची सगळ्यात मोठी बाबच वहीतून गेली. बावीस वर्षांच्या या राजाने मग पैसा घातला तो पुस्तकांत, वैद्यकीच्या हत्यारांत, देवनागरी टाइपाच्या छापखान्यात आणि विलायती वाद्यांत.

राजवाड्यात पाश्चात्त्य धर्तीचा बँड उभा राहिला. युरोपीय स्वरलेखनात लिहिलेली संगीताची बाडं मोडी कागदांच्या शेजारी सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन बसली. ज्या गावात त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री यांची गाणी हवेत होती, त्याच गावात त्याच काळात क्लॅरिनेट आणि व्हायोलिन वाजत होती. पेन्शनवर जगणाऱ्या राजाची ही हौस म्हणून कुणी हसावं, तर हसू लवकरच ओसरतं. कारण त्या हौसेतली दोन वाद्यं पुढे दक्षिणेत घरची झाली, आणि बाकीची गेली कुठे ते कुणाला आठवतही नाही.

आज एखादा पंचविशीतला मुलगा कमी पैशांत इलेक्ट्रॉनिक संगीत करायला बसतो तेव्हा त्याच्यापुढे हाच पेच असतो. दुकानात शंभर वस्तू, खिशात पैसे मोजके. कुठली टिकेल? तंजावरने या प्रश्नाशी चारशे वर्षं झटापट केली आहे, आणि तिथल्या वादकांची कसोटी मोठी सोपी होती: या वस्तूतून गमक निघतं का? कर्नाटक संगीतात स्वर सहसा जागेवर स्थिर उभा राहत नाही. तो डोलतो, शेजारच्या स्वराला शिवून येतो, घसरतो. जे वाद्य हे करू देत नाही ते कितीही महाग असो, अडगळीत जातं.

व्हायोलिन हे करू देतं. पडदे नाहीत, बोट तारेवर हवं तिथे सरकवा. म्हणूनच मुत्तुस्वामींचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर यांनी मद्रासला राहून ते उचललं. सरफोजींचे मंत्री वराहप्पय्यर यांचंही नाव या वाद्याशी जोडलं जातं. तंजावरच्या नृत्यगुरू चार भावांपैकी वडिवेलु त्यात इतके पारंगत झाले की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिल्याचं सांगतात. गंमत अशी की या मंडळींनी वाद्याला हात लावला नाही, वाजवण्याची रीतच बदलली. वादक मांडी घालून बसला, वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवलं, दुसरं टोक छातीखांद्याशी. त्यामुळे डावा हात वाद्य पेलण्यातून मोकळा झाला आणि तारेवर वरखाली धावू लागला. चार तारांचा युरोपीय मेळही सोडला. गायकाच्या पट्टीनुसार षड्ज-पंचम, पुन्हा षड्ज-पंचम असा मेळ बांधला. नवा सुटा भाग एकही लागला नाही.

क्लॅरिनेटने दासीआट्टमच्या, म्हणजे देवदासींच्या नाचाच्या मेळात मुखवीणेची जागा घेतली आणि तग धरला. पुढे तिरुचीच्या ए. के. सी. नटराजन यांनी त्याला कचेरीच्या, म्हणजे मैफलीच्या मुख्य आसनावर बसवलं. पियानो मात्र दिवाणखान्याबाहेर आला नाही. एका कळीवर एक सूर, दोन कळींच्या मधे भिंत. त्यात तोडी कशी वाजायची?

इथे एक घोटाळा सोडवायला हवा. वीणेलाही सप्तकात बाराच पडदे असतात, म्हणजे पियानोइतकीच घरं. आणि ही बारा घरं तंजावरनेच पक्की केली. भोसल्यांच्या आधी इथे नायकांचं राज्य होतं. सतराव्या शतकाच्या आरंभी रघुनाथ नायक आणि त्याचा मंत्री गोविंद दीक्षित यांच्या दरबारात २४ पक्क्या पडद्यांची वीणा ठरली, दोन सप्तकं, प्रत्येकी बारा. त्याआधीच्या कित्येक वीणांवर राग बदलला की पडदे सरकवावे लागत. आता एकाच वाद्यावर सगळे राग. गोविंद दीक्षितांचा मुलगा वेंकटमखी याने याच बारा घरांच्या हिशेबावर ७२ मेळांची मांडणी केली, आणि कर्नाटक संगीताचा पाया तिथे भरला गेला. पियानोशी फरक पडतो तो तारेमुळे. वीणेचा पडदा उंच असतो. वादक बोटाने तार आडवी ओढतो आणि एकाच पडद्यावरून वरचे दोन-तीन स्वर काढतो. घरं पक्की, पण घराघरांतून जायला वाट उघडी.

ही वीणा तंजावरात आजही हाताने घडते. लाकूड फणसाचं, बरंचसं पन्रुटीच्या बाजूचं. भोपळा म्हणजे कुडम, दांडी आणि याळीचं तोंड ही तिन्ही एकाच ओंडक्यातून कोरली तर ती ‘एकांड’ वीणा, आणि तिचा भाव वेगळा. खरी कसोटी मात्र सुतारकाम संपल्यावर लागते. दांडीच्या दोन्ही कडांवर मेण आणि कोळशाची पूड यांच्या काळ्या लगद्याच्या दोन पट्ट्या बसवतात. त्या ऊबेने मऊ केल्या की पितळेचा एकेक पडदा त्यात रुतवायचा, तार छेडायची, कान लावायचा, पडदा केसभर पुढे, केसभर मागे. असं चोवीस वेळा. तमिळमध्ये या कामाला मेळ बांधणं म्हणतात, आणि ते कानाचं काम आहे, मोजपट्टीचं नाही. काही वर्षांनी मेण उन्हाने सैलावतं, भेगाळतं, की पुन्हा मेळ बांधायचा. म्हणजे वीणा एकदा घेऊन भागत नाही, तिची देखभाल आयुष्यभर पाठीशी. तंजावर वीणेला २०१३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेच्या तंबोऱ्या-सतारींना ते २०२४ साली मिळालं, हेही मराठी वाचकाने लक्षात ठेवावं. मिरजेचा तंबोरा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यावर उभा राहतो, तंजावरचा फणसाच्या लाकडावर. दोन्हीकडे कारागिराने जवळ मिळेल ते घेतलं.

भोसले राजे स्वतः या उद्योगात वरून बघे नव्हते. व्यंकोजींचे पुत्र शाहजी यांनी मराठीत ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाटक रचलं, तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ हा शास्त्रग्रंथ लिहिला. पण मराठी माणसाने तंजावरच्या संगीताला दिलेली मोठी देणगी दरबाराच्या बाहेरची आहे. ती कीर्तनकारांची. सरफोजींच्या काळात मेरुस्वामी आले, पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर. या बुवांचं सामान किती? चिपळ्या, तंबोरा आणि साथीला एक मृदंग. एवढ्यावर साकी, दिंडी, ओवी, अभंग घेऊन ते रात्र जागवत. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तो साचा उचलून तमिळ हरिकथा उभी केली, आणि आज हरिकथेत ऐकू येणाऱ्या साकी-दिंडी तिथूनच आल्या. तंजावरच्या मृदंगवादनाच्या परंपरेत नारायणस्वामी अप्पा हे मराठी नाव आदराने घेतलं जातं. रव्याचा लगदा मैफलीआधी डाव्या पुडीवर थापायचा आणि मैफल संपल्यावर खरवडून काढायचा, ही त्या वाद्याची रोजची पूजा.

१८५५मध्ये दुसरे शिवाजीराजे वारसाविना गेले आणि तंजावर खालसा झालं. दरबारी नेमणुका आटल्या, वादकांनी मद्रासची वाट धरली. आता बिदागी तिकिटांवर आणि सभांवर, तेव्हा प्रत्येक माणसाचा खर्च डोळ्यांत येऊ लागला.

याचं उत्तम उदाहरण ओत्तु. नादस्वराच्या मेळात एक माणूस फक्त ओत्तु फुंकायचा. या लांब नळीतून एकच सूर, तोही न तुटता, नाकाने श्वास घेत तोंडाने फुंकत तासन्‌तास. त्याला ना तान ना टाळी. बिदागीत वाटा मात्र लागे. भात्याची श्रुतिपेटी आली, म्हणजे कळी नसलेली, नुसता षड्ज-पंचम धरणारी पेटी, आणि ओत्तुवाला मेळातून हळूहळू निघून गेला. तंजावर जिल्ह्यातल्या नरसिंगमपेट्टैला नादस्वर घडतात. तिथल्या कारागिराने टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांच्यासाठी लांब, खालच्या पट्टीचा ‘पारि’ नादस्वर साधला आणि त्याने सगळ्या वाद्याचा आवाज बदलला. ओत्तु सुधारायला कुणी बसलं नाही. जे काम यंत्र जसंच्या तसं करतं तिथे माणूस राहत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

पेटीच्या थोरल्या बहिणीची कथा उलटी आहे. हार्मोनियमने नाटक कंपन्या जिंकल्या, तमिळ रंगभूमीवरही आणि आपल्याकडेही. गोविंदराव टेंब्यांचं नाव मराठी माणसाला सांगायला नको. पण १९४०मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आरोप तोच, पियानोवरचा: सूर ठोकळ्यासारखे, मधली वाट बंद. म्हणजे एकाच कुळातली एक वस्तू पावन झाली, दुसरी तीस वर्षं वाळीत. श्रुतिपेटीला गमक काढायचंच नव्हतं, ही तिची सोय.

इलेक्ट्रॉनिक युग दक्षिणेत शिरलं तेही याच दाराने. १९७९मध्ये बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राजनारायण यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी बाजारात आणली. तंबोरा न्यायचा तर बसमध्ये दोन माणसांची जागा, शिवाय छेडायला एक शिष्य. ही डबी पिशवीत मावली. जाणत्यांनी नाकं मुरडली, जव्हारीचा झणकार त्यात नाही म्हणून, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. तरी डब्या खपल्या. आता तोच षड्ज मोबाइलवर फुकट मिळतो. वीणेलाही मायक्रोफोन चिकटला, पुढे इलेक्ट्रॉनिक वीणा आली. आणि आंध्रातल्या यू. श्रीनिवास या पोराने इलेक्ट्रिक मँडोलिनच्या जोड-तारा काढून पाच एकेरी तारा लावल्या, कारण जोड-तार ओढली की गमक नीट येत नाही. पुन्हा तीच कसोटी, तोच निकाल.

मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग या सिनेवादकाने रोलंड कंपनीची तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यांतलं टीबी-३०३ हे यंत्र मुळात बेस गिटारची नक्कल करायला काढलेलं. नक्कल जमली नाही, कंपनीने १९८४मध्ये ते बंद केलं, जुन्या बाजारात ते मातीमोल झालं. शिकागोच्या खिसा-रिकाम्या पोरांनी ते उचललं आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ जन्माला आलं. पण त्या यंत्राची एक गोष्ट सिंगांनी आधीच हेरली होती: त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येतं. राग वाजवायला ते यंत्र का चाललं याचं उत्तर तिथे आहे. रेकॉर्ड तेव्हा पडली. २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले.

आजच्या संगणकी संगीताचा कणा ‘मिडी’ हा १९८३चा करार. तो मनाने पियानो आहे: १२८ कळी, प्रत्येकीचा एक आकडा. सूर ओढायला बाजूला एक चाक असतं, पिच-बेंडचं. ते फिरवलं की त्या वाहिनीवरचे सगळे सूर एकदम सरकतात, आणि नेहमीच्या मांडणीत दोन अर्धस्वरांपलीकडे जात नाहीत. वीणेची ओढ याहून लांब असते. प्रत्येक बोटाला स्वतंत्र ओढ देणारी सुधारणा २०१८मध्ये अधिकृत झाली, म्हणजे गोविंद दीक्षितांच्या वीणेनंतर चारशे वर्षांनी.

स्वस्त यंत्राने नेहमी भलंच होतं असं मात्र नाही. तमिळनाडूतल्या कित्येक देवळांत, आणि महाराष्ट्रातल्याही, आरतीला आता मोटरवर चालणारा नगारा-घंटेचा सांगाडा बडवतो. बटण दाबलं की सुरू. तविल हा ढोल वाजवणाऱ्याचा आणि नादस्वरवाल्याचा पगार वाचला, आणि ज्या घरांत ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या वाजली त्या घरांतल्या पोरांनी दुसरं काम धरलं. ओत्तुवाला गेला तेव्हा संगीत उणावलं नव्हतं. इथे उणावलं.

तर ज्याला कमी पैशांत आपल्या रागदारीला धरून काही करायचं आहे त्याने खरेदी उलट्या टोकाने करावी. सॉफ्टवेअरला आधी एक पैसा घालू नये: ऑडॅसिटी आणि एलएमएमएस फुकट आहेत, आणि स्वरांचा मेळ हवा तसा बांधू देणारा ‘सर्ज एक्सटी’ हा सिंथेसायझरही फुकट आहे. पुढे गरज पडलीच तर रीपर वैयक्तिक वापरासाठी साठ डॉलरांत मिळतं. तंबोऱ्याची डबी विकत घेऊ नये, मोबाइल पुरतो. जो काही पैसा आहे तो बऱ्या हेडफोनवर, एका मायक्रोफोनवर आणि पिच-बेंडचं चाक असलेल्या लहानशा कीबोर्डवर घालावा. चाकाचा पल्ला सॉफ्टवेअरमध्ये दोनवरून बारा अर्धस्वरांवर न्यावा, एका वाहिनीवर एकच सूर ठेवावा, आणि पहिल्याच दिवशी दुकानात उभं राहून गांधारावरून मध्यमाला हात लावून परत येऊन पाहावं. जमत नसेल तर तो कीबोर्ड तिथेच ठेवावा.