उदासिनीकरणाचे आयनी समीकरण

अम्ल व क्षारक यांच्या विक्रियेने लवण व पाणी तयार होण्याच्या क्रियेस उदासिनीकरण म्हणतात. ही व्याख्या जुनी असली, तरी विद्रावात प्रत्यक्ष कोणता बदल घडतो, हे तीवरून कळत नाही. जी. एच. हेस यांनी १८४०–४२ या काळात केलेल्या प्रयोगांत उदासीन लवणांचे विरल विद्राव एकमेकांत मिसळले असता उष्णतेत जवळजवळ फरक पडत नाही, असे दिसून आले. पुढे तीव्र अम्ल कोणतेही घेतले, तरी तीव्र क्षारकाने त्याचे उदासिनीकरण होताना दर ग्रॅम-सममूल्यास सु. १३·७ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, असेही आढळले. लवणे निरनिराळी असताना उष्णता एकच का, याचा उलगडा स्वांटे आऱ्हेनियस यांच्या १८८७ मधील सिद्धांताने झाला. धातूचा आयन व अम्लातील ऋण आयन विद्रावात आधीही सुटे असतात व शेवटीही सुटेच राहतात. हे ‘प्रेक्षक’ आयन वगळल्यास उरते ते इतकेच :

हायड्रोजन आयन (+) + हायड्रॉक्सिल आयन (−) → पाणी

दुर्बल अम्लाचे विगमन अल्प होत असल्यामुळे समीकरणात त्याचा अखंड रेणू लिहावा लागतो.

या हिशेबाचे व्यावहारिक महत्त्व कागदधंद्यात दिसते. चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) येथील जंगलांतील बांबूवर बल्लारपूरची कागद गिरणी (स्था. १९४५) उभी राहिली. सल्फेट पद्धतीत बांबूचे तुकडे दाहक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या विद्रावात दाबाखाली शिजवितात. सोडा मुख्यत्वे लिग्निन विरघळविण्यात खर्च होतो, असा समज असतो. वस्तुतः त्याचा मोठा भाग कार्बोहायड्रेटांच्या विघटनाने उत्पन्न होणाऱ्या ॲसिटिक व अन्य दुर्बल अम्लांच्या उदासिनीकरणात जातो. संपतो तो हायड्रॉक्सिल आयन; सोडियम काळ्या द्रवात तसाच राहतो. हा द्रव नदीत गेला, तर पाणी नासते आणि सोडाही बुडतो. म्हणून तो आटवून भट्टीत जाळतात व मिळालेल्या सोडियम कार्बोनेटाच्या विद्रावात चुना घालतात :

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बोनेट आयन (२−) → कॅल्शियम कार्बोनेट + २ हायड्रॉक्सिल आयन (−)

बांबू येथे एक अडचण उभी करतो. त्यातील सिलिका अम्लधर्मी असल्याने सिलिकेटाच्या रूपात विरघळते आणि अखेर चुन्याच्या गाळात उतरते. असा गाळ भाजून पुन्हा चुना करणे कठीण जाते. सोडियमचे नाव वरील दोन्ही समीकरणांत नाही. गिरणीच्या जमाखर्चात मात्र त्यालाच मोल आहे. धुलाईत व धुराड्यातून निसटलेल्या सोडियमाची भरपाई पूर्वापार सोडियम सल्फेटाने करीत, त्यावरूनच या पद्धतीस सल्फेट हे नाव पडले.