थाळावरून उठलेल्यांचे ऐकताना

गोवंडीत दफनभूमीचा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मयतासाठी आणखी जागा मिळावी म्हणून इथल्या रहिवाशांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. धर्मसमूहातून बाहेर पडलेल्या माणसांच्या कथनांकडे अभ्यासक म्हणून प्रथमच वळणाऱ्या वाचकाला मी याच प्रश्नापाशी आणून उभे करतो: मेल्यावर आपल्याला कुठे पुरतील? सिद्धांत, ग्रंथ, गुरूचे वागणे यांची चर्चा पुस्तकांत भरपूर आहे. पण जन्मापासून ज्या जमातीत वाढलो ती सोडायची, तर मन आधी आईबापांच्या कबरीपाशी अडखळते.

आपल्या भाषेत बाहेर काढण्यासाठी शब्दांची कमी नाही. वाळीत टाकणे आहे, बहिष्कार आहे, ग्रामण्य आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहापानाला गेल्यावरून रानडे-टिळकांसारखी माणसे ग्रामण्यात सापडली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. दुसऱ्या धर्मात जाणाऱ्यासाठीही शब्द आहेत, त्यातले काही शिवीच्या जवळ जाणारे. पण जो कुठेच गेला नाही, नुसता उठून बाहेर आला, त्याला काय म्हणायचे? बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ आपल्याकडे आहे. पण ते पोहोचल्याचे कथन आहे, त्याला मुक्काम आहे. इथे आपल्याला मुक्काम नसलेली कथने वाचायची आहेत.

मुंबईत या अभ्यासाची सर्वांत भक्कम सामग्री दाऊदी बोहरा सुधारकांच्या लढ्यात सापडते. हार्डवेअरच्या दुकानातला बोहरी शेजारी आपल्याला ठाऊक असतो. त्याच्या घरातली ‘बरात’, म्हणजे जमातीने टाकलेला बहिष्कार, ठाऊक नसतो. वयात येताना मुलगा किंवा मुलगी ‘मीसाक’ देते, म्हणजे दाईंशी, जमातीच्या सर्वोच्च धर्मगुरूंशी, निष्ठेची शपथ घेते. निकाह आणि दफन यांसाठी ‘रझा’, म्हणजे परवानगी लागते. ती नाकारली की कायद्याने माणूस मोकळा असतो आणि घरात एकटा.

असगर अली इंजिनिअर हे आमिलाचे, म्हणजे जमातीच्या स्थानिक धर्मप्रमुखाचे, चिरंजीव. मुंबई महापालिकेत त्यांनी अभियंता म्हणून बरीच वर्षे नोकरी केली. १९७०च्या दशकात उदयपूरला धर्मगुरूंविरुद्ध बोहरांचा उठाव झाला आणि ते सुधारकांचा आवाज बनले. त्यांना धर्म सोडायचा नव्हता. जमा होणाऱ्या पैशाचा हिशेब द्या आणि बहिष्काराचे हत्यार खाली ठेवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७०च्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात सोडून जाणे आणि आत राहून बोलणे असे दोन मार्ग सांगितले आहेत. बोहरा सुधारक दुसऱ्या मार्गाने निघाले आणि त्यांना पहिल्यावर ढकलले गेले. म्हणून त्यांना ‘माजी सदस्य’ म्हणताना माझा हात थांबतो. कथन हाती आले की हा माणूस स्वतः उठला, की त्याला उठवले, हे आधी विचारा. अनेकदा दोन्ही खरे असते.

कायद्याने हा प्रश्न वेळोवेळी हाताळला आहे. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. ५१वे दाई ताहेर सैफुद्दीन त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे एकट्याचे मत वेगळे पडले. ते जरूर वाचावे. बहिष्काराकडे अस्पृश्यतेच्या शेजारी ठेवून पाहण्याची दृष्टी त्यात आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्यामागे जातपंचायतींविरुद्धची चळवळ होती. १९६२च्या निकालाचा फेरविचार २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. या दोन कायद्यांच्या मधल्या काळात निवृत्त न्यायमूर्ती नथवानी यांच्या आयोगाचा १९७९चा अहवाल आहे. एकेकट्या कुटुंबाची गाऱ्हाणी तिथे प्रथमच एकत्र नोंदली गेली.

पुण्याची गोष्ट निराळी. रजनीश १९७४ साली मुंबईहून कोरेगाव पार्कात गेले. तिथे आलेले लोक जन्माने नव्हे, आवडीने आले होते. ह्यू मिल्न हे रजनीशांचे अंगरक्षक. बाहेर पडून त्यांनी १९८६ साली पुस्तक लिहिले. टिम गेस्ट यांचे २००४चे ‘माय लाइफ इन ऑरेंज’ मात्र वेगळ्याच जातीचे आहे. ते आईबरोबर लहानपणी ओढले गेले होते. ज्याने प्रवेशच निवडला नाही त्याच्या बाहेर पडण्याला मिल्न यांच्या मापाने मोजता येत नाही.

ब्रायन विल्सन यांच्यासारखे समाजशास्त्रज्ञ सांगत आले की सोडून गेलेल्याची साक्ष जपून घ्यावी. दुखावलेला माणूस भूतकाळ नव्याने रचतो. हे खरे आहे. पण आत राहिलेला माणूसही रचतोच, आणि त्याच्याकडे छापखाना, सभागृह आणि वकील असतो. हेलन एबॉ स्वतः एकेकाळी नन होत्या. त्यांचे ‘बिकमिंग अॅन एक्स’ (१९८८) मला या सगळ्या वादापेक्षा उपयोगी वाटते, कारण ‘माजी’ असणे ही सतत निभावण्याची भूमिका आहे हे त्या दाखवतात.

ऐकायला बसाल तेव्हा एक चूक टाळा. नवखा मुलाखतकार तक्रारी उतरवून घेतो आणि बाकीचे सोडून देतो. बोहरा घरातले माणूस थाळाबद्दल बोलू लागले की या मुलाखतकाराला ते विषयांतर वाटते. आठेक जण एका मोठ्या थाळाभोवती बसतात, जेवण चिमूटभर मिठाने सुरू होते आणि मिठानेच संपते. बहिष्कारानंतर त्या थाळावरची जागा जाते. ते मीठ सांगताना आवाज बदलला तर तेही उतरवून घ्या. प्रेम आणि संताप एकाच वाक्यात आले तर वाक्य तोडू नका. नाव गुप्त ठेवा. गावाचे नाव, दुकानाचा धंदा, बहिणींची संख्या यांवरूनही माणूस ओळखता येतो.

असगर अली १४ मे २०१३ रोजी गेले. त्यांना बोहरा दफनभूमीत नव्हे, सांताक्रूझच्या सुन्नी कब्रस्तानात पुरले.