जहाजाचा रंग, जहाजाची डागडुजी आणि त्यांची किंमत

मंडळी, वळसंगला समुद्र नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या गावात येऊन जहाजांवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण विषय आहे तो गेममधल्या जहाजांचा, आणि तो समजायला समुद्रापेक्षा सोलापुरी चादर जास्त उपयोगी पडते.

चादरीची किंमत कशी ठरते हे या भागात कुणाला शिकवायला नको. सूत, रंगाई, मजुरी, वीज, व्यापाऱ्याचा नफा. नक्षी असेल तर जकार्डसाठी भोकं पाडलेले पुठ्ठे आधी तयार करावे लागत. तो खर्च एकदाच. पण दुसरी चादर विणायची तर पुन्हा सूत लागतंच. गेममधल्या जहाजाच्या शिडावर नक्षी काढणारा चित्रकारही एकदाच पगार घेतो. फरक एवढाच की ते शीड एकाने घेतलं काय नि लाखांनी घेतलं काय, दुसऱ्या शिडाला सूत लागत नाही. मग किंमत ठरवायची कशावरून?

पहिला गाजलेला प्रयोग घोड्यावर झाला. एप्रिल २००६मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. लोकांनी टिंगल केली. तरी ते विकलं गेलं, आणि धंदेवाल्यांनी टिंगल नव्हे, विक्री लक्षात ठेवली.

जहाजांच्या जगातली खरी लढाई मात्र २०११ची. आइसलँडच्या सीसीपी या कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अवकाशयानांचा गेम. त्यात यान फुटलं की गेलंच. महिनोन्‌महिने कमावलेलं एका चकमकीत जातं. त्यामुळे तिथल्या खेळाडूला किमतीची जाण जबरदस्त. जून २०११मध्ये कंपनीने नटण्याचं दुकान उघडलं आणि त्यात एका डोळ्यावर लावायचा चष्मा ठेवला. किंमत खऱ्या पैशांत साठ डॉलरच्या वर! लढाईत उपयोग शून्य. त्यातच कंपनीची अंतर्गत पत्रिका फुटली आणि उद्या ताकदही विकायला काढतील की काय, अशी शंका पसरली. खेळाडूंनी काय करावं? जिता नावाच्या बाजारपेठेच्या ठिकाणी जमून तिथल्या पुतळ्यावर तोफा डागल्या. पुतळा काही पडणारा नव्हता. हा मोर्चाच होता. कंपनीला खेळाडूंच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना रेक्याविकला बोलवावं लागलं. तिथून संयुक्त निवेदन निघालं की दुकानात शोभेच्या वस्तू विकू, लढाईत वरचढ करणाऱ्या नाही. ऑक्टोबरात कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली आणि त्याच महिन्यात सुमारे वीस टक्के नोकरकपातही जाहीर झाली. शोभेच्या वस्तूची किंमत चुकली म्हणून कंपनी हादरली असं मी म्हणणार नाही, कारणं अनेक होती. पण लोकांचा राग चष्म्यावर नव्हता, त्यामागच्या हेतूवर होता, एवढं नक्की.

पुढे याच गेममध्ये यानाला रंग विकायला सुरुवात झाली. आधी यान फुटलं की रंगही जायचा. २०१५मध्ये पद्धत बदलली: रंगाचा परवाना खेळाडूच्या नावावर, यान फुटलं तरी नव्या यानाला तोच रंग लावता येतो. म्हणजे चादर फाटली तरी नक्षी तुमचीच.

आता डागडुजीकडे येऊ. ‘सी ऑफ थीव्ह्ज’ हा चाचेगिरीचा गेम २०१८चा. यात जहाजाला पडलेलं भोक फळी ठोकून बुजवता येतं, आणि फळ्या बेटांवर, पिंपांत सापडतात. पण ऑगस्ट २०२२पासून जहाज स्वतःच्या नावावर विकत घेता येऊ लागलं. लहान जहाज अडीच लाख सोन्याच्या नाण्यांना, सर्वांत मोठं पाच लाखांना. त्या जहाजाच्या सजावटीवर ओरखडे, जळल्याचे डाग राहू लागले. ते पुसायचे तर सोनं मोजा. जहाज तसंच पळतं, तसंच लढतं. फक्त दिसायला जुनाट.

यात खऱ्या पैशांचा संबंध नाही, मग कंपनी सोनं कशाला घेते? या सोन्याला खजिना नाही. तुम्ही पेटी विकली की नाणी शून्यातून तयार होतात. टाकसाळ चोवीस तास चालू आणि सारा वसूल करणारा कुणी नाही, तर महिन्याभरात सगळेच कोट्यधीश आणि कशालाच मोल नाही. म्हणून पाणी जायला मोरी ठेवावी लागते. डागडुजी ही ती मोरी. आणि हुशारी अशी की हा कर ऐच्छिक आहे. ज्याला नको तो डाग ठेवतो, आणि मग डागच मिरवण्याची वस्तू होतो. खऱ्या पैशांचं दुकान वेगळं, त्याची नाणी वेगळी. ते २०१९मध्ये उघडलं.

शोभा आणि हिशेब यांची सरमिसळ केली की काय होतं ते ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’मध्ये दिसतं. तिथे काही रंगसंगत्या लावल्या की लढाईनंतरचा देखभालखर्च कमी व्हायचा. मग रंग डोळ्यांनी निवडायचा की वहीने? २०२२मध्ये हे दोन्ही वेगळे केले.

आपल्याकडे जहाजापेक्षा बंदूक नि कपडे जास्त खपतात. पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४मध्ये आला, तोही खेळायला फुकट. अशा गेमची कमाई मुख्यतः शोभेवर. खरेदी थेट रुपयांत नसते. आधी गेमचं चलन घ्यायचं. त्याचे गठ्ठे असे की थोडं उरतं, आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून पुन्हा गठ्ठा घेतला जातो. घरातला फोन नि यूपीआय वडिलांचा, बोट मुलाचं. ऑगस्ट २०२५चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. नुसता सदरा विकत घेणं त्यात येत नाही.

आणि घेतलेला सदरा कुणाचा? २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर बंदी आली, ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद झाले. विकत घेतलेले पोशाख, बंदुकांचे रंग, सगळं पडद्याआड. चादर असती तर घडी घालून कपाटात ठेवली असती. पुढच्या वर्षी ‘बीजीएमआय’ नावाने गेम परतला, तेव्हा जुन्या खात्यातला माल ठरलेल्या मुदतीत नव्या खात्यात आणता येत होता. ज्यांनी मुदत चुकवली त्यांचा गेला. जुलै २०२२मध्ये तोही दुकानांतून हटला आणि मे २०२३मध्ये पुन्हा आला. इथे थांबतो. मागच्या बाकावरच्या मुलांचे हात मघापासून वर आहेत.