नदीकाठची आद्य वसाहत

तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या दुआबात सुमेरियन लोकांनी पाच हजार वर्षांपूर्वी ऊर, उरुक ही नगरे नावारूपास आणिली. पाणी कालव्यांनी शेतांत खेळवावे, धान्य मंदिराच्या कोठारांत साठवावे, त्याचा हिशेब मातीच्या पाट्यांवर कोरावा, असा त्यांचा क्रम होता. कालवा एका कुटुंबाच्या हातून होत नाही. त्यास समाज लागतो.

महाराष्ट्रातही याची साक्ष मिळते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली. पाण्याचा पाट, २०० मीटरांहून लांब बांध, सातूचे दाणे आणि गावप्रमुखाच्या मानलेल्या पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचे कोठार! लिपी नव्हती, नगर नव्हते. परंतु सहकार्य तेच होते.

पुढे इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पर्जन्य घटला, असे डॉ. म. के. ढवळीकर यांचे प्रतिपादन आहे. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. कालांतराने गाव ओस पडले.

बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथील आपण ज्ञातिबांधव उल्हास नदीच्या खोऱ्यातच नांदतो. अंबरनाथचे इ. स. १०६० चे शिवालय ज्या वालधुनीकाठी उभे आहे, तिचे पाणी आज सांडपाण्याने काळवंडले आहे. इनामगावकरांच्या हाती पाऊस नव्हता. आपल्या नद्या निर्मळ राखणे मात्र आपल्या हाती आहे. मुलाबाळांस हा इतिहास अवश्य सांगावा.