खळ्यावरचं रिन्युअल

मार्चअखेर शिराळ्याच्या पेठेत खत-बियाण्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर हिशेबाच्या प्रोग्रामची पट्टी झळकते आणि कॉम्प्युटरवरचं पोरगं आणि दुकानदार तात्या यांच्यात ठरलेला संवाद होतो. “तात्या, वर्ष संपलं. रिन्युअलचं पैसं भरायचं हायत.” “आरं, गेल्या साली इकत घेतलंय न्हवं? मग परत कसलं पैसं?”

प्रश्न रास्त आहे. पण तात्यांच्या आज्यानं तो गावच्या सुताराला कधी विचारला नसता.

सुतार नांगर-कुळवाची दुरुस्ती वर्षभर करायचा आणि त्या-त्या वेळी पैसे मागायचा नाही. सुगीत खळ्यावर आला की पेंढ्या किंवा सुपानं धान्य घेऊन जायचा. याचं नाव बलुतं. विकली जायची ती वस्तू नव्हे, वर्षभराची देखभाल. आजच्या दुकानदाराच्या भाषेत एएमसी, वार्षिक देखभालीचा करार. बलुतेदारांच्या कासाही, म्हणजे पायऱ्याही, ठरलेल्या: थोरली, मधली, धाकटी. मोल्सवर्थच्या कोशात सुतार-लोहार, महार-मांग थोरल्या कासेत आहेत, कुंभार, चांभार, परीट, न्हावी मधल्या. सॉफ्टवेअरवाले आज सिल्व्हर-गोल्ड म्हणतात. फरक इतकाच, की तिथं पायऱ्या घेणाऱ्याच्या होत्या, इथं देणाऱ्याच्या आहेत.

बलुत्याला गोंडस करण्याचं मात्र कारण नाही. त्यात ‘रद्द करा’ नव्हतं. जन्मानं मिळालेलं काम सोडता येत नसे, आणि कामाला हद्दही नसे. महार वतनदारांना सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री राबवलं जाई, मोबदला तुटपुंजा. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं 1958 च्या कायद्यानं संपली.

सॉफ्टवेअर आधी नांगरासारखंच विकलं जाई: डबा घ्या, घरी न्या. 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या सेल्सफोर्सनं डबाच काढून टाकला. प्रोग्राम कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहील, तुम्ही माणशी महिन्याला पैसे द्या. 2013 मध्ये अ‍ॅडोबीनंही डबा सोडून महिन्याच्या पैशांची वाट धरली. आपल्याकडच्या टॅलीचा जन्म 1986 चा. भारत गोयंका यांनी तो प्रोग्राम वडिलांच्या धंद्याचा हिशेब ठेवायला लिहिला. तिथं परवाना कायमचा, पण नव्या सुधारणांसाठी वर्षाचं वेगळं नूतनीकरण. ते भरलं नाही तरी काम चालतं, नवं काही मिळत नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि पेठेला देखभाल म्हणजे काय ते कळलं: दर बदलले, फॉर्म बदलले, जुना प्रोग्राम जसाच्या तसा ठेवून भागेना.

इंटरनेटच्या जाळ्याची गोष्ट उलट्या क्रमानं घडली: आधी फुकट, मग पैसे. शिराळ्याच्या दक्षिणेला वारणा वाहते. तिच्या खोऱ्यात 1998 मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतीची 70 गावं कॉम्प्युटरनं जोडण्याची योजना आली. शेतकऱ्यानं गावातल्या केंद्रावर जाऊन आपल्या उसाचा हिशेब बघावा, ही कल्पना. खर्च सरकार आणि कारखान्याचा. पुढं काही गावांत कॉम्प्युटरऐवजी मोबाईलच्या एसएमएसचा प्रयोग झाला. आज तेच काम व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करतो. व्हॉट्सअ‍ॅपनं सुरुवातीला वर्षाला साधारण एक डॉलर ठेवला होता. जानेवारी 2016 मध्ये तो सोडला. आधी सगळं गाव खळ्यावर गोळा होऊ दिलं. मग धंदेवाल्यांकडे सूप पुढं केलं: 2018 मध्ये छोट्या दुकानांसाठी फुकट अ‍ॅप, मोठ्या कंपन्यांकडून मात्र पैसे, आणि जुलै 2025 पासून तेही मेसेजमागे.

मूळचा हिशेब एका बाबतीत पार बदलला. बलुतं पीक हाती आल्यावर मिळे. पाऊस फसला की सुताराच्या वाट्याला कमी येई, तोटा दोघांचा. रिन्युअल आगाऊ भरायचं, आणि चांदोली धरण भरलं की नाही हे त्याला कोण सांगणार?

“ऊसबिल आलं की भरू,” तात्या म्हणतात. पट्टी तशीच. पोरगं आपल्या फोनवरून पैसे भरतं आणि वहीत तात्यांच्या नावे मांडून ठेवतं.